नातीचा फुटबॉल आणि माझ्या पुऱ्या

गणपतीतला रविवार. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी बाराला वीस पानं मांडायची होती. तळायला सून एकटी, वाढायला मी. नात पुऱ्या लाटता लाटता टीव्हीवर आपल्या अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजचा फुटबॉल बघत होती. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ.

"फुटबॉल म्हणे. चेंडू तर हातात घेऊन पळतायत," मी म्हटलं.

"आजी, बाकीच्या टीम दर वेळी थांबून, घोळका करून खलबतं करतात. आमचे थांबतच नाहीत. समोरच्यांना दमलेला गडी बदलायलाही वेळ मिळत नाही."

मला हसू फुटलं. ही युक्ती तर माझी. नव्या नवरीच्या तोऱ्यात मी पंगतीत अशी धावत वाढायचे, की पाहुण्याने 'पुरे' म्हणायला तोंड उघडेपर्यंत पानात दोन पुऱ्या. पदर खोचलेली आगगाडीच. शहाणीला वाटे, आपण पंगत मारली. एकदा मागे वळून बघते तर परात रिकामी, निम्मी पंगत खोळंबलेली आणि सासूबाई घामाने निथळतायत. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझे पाय चार असतील गं, माझी कढई एकच आहे."

टीव्हीवर नातीची टीम चार गुणांनी पुढे, शेवटची दोन मिनिटं. तरी घाई सुटेना. तीन प्रयत्न झटपट फसले, चेंडू समोरच्यांकडे गेला. आत्ता कुठे पाणी प्यायला टेकलेले यांचे बचावाचे वेगळे गडी पुन्हा मैदानात, कमरेवर हात, धापा टाकत.

"त्या बघ माझ्या सासूबाई," मी म्हटलं.

"कुठे?"

"तो जाडा, मधला."

हरले. नात लाटणं आपटत म्हणाली, "नुसता वेळ काढला असता तरी जिंकलो असतो."

बारा वाजता पंगत बसली. सुनेची कढई दुसऱ्याच फेरीला मागे पडायला लागली. मी ताट घेऊन एकेका पानापुढे थांबले. कोणाचा गुडघा, कोणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणाचं पासिर रिसचं नवं घर, सगळं सविस्तर विचारलं. बटाट्याच्या भाजीचा आग्रह तीनतीनदा केला.

नात कानाशी आली. "आजी, व्हाय सो स्लो? सगळे वेटिंग, लाह."

"गप. घड्याळ पळवतेय."

आत सून स्टूल ओढून पाणी पीत बसली होती. शेजारी परात भरलेली.