चुगलीचा डबा

तात्यांच्या हाताशी रिकामा डबा ठेवायची सोय नव्हती. पाठ वळायच्या आत त्यावर ठेका सुरू व्हायचा. त्यामुळे किन्हवलीच्या घरात काकू साखरेचा डबा संपायच्या आधीच भरून ठेवत. एसटीत तात्या पुढच्या सीटवर वाजवू लागले की पुढचा माणूस आधी रागाने वळून बघायचा आणि शहापूर येईपर्यंत मान डोलवत बसायचा.

लग्नाच्या हळदीला वाजवणारी आमची बँजो पार्टी. मी कीबोर्डवर, तात्या ढोल-ताशांचे आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर. लोक नवरदेवापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायचे. मग एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढे चालू-बोलू लागले, पण हातांत जोर आला नाही. बाजारातलं पॅड त्यांच्या हलक्या टिचकीला दाद देईना. पार्टीच्या मालकाने सुचवलं, "तात्या, आता खुर्चीवर बसून खुळखुळा धरा." त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

मग एकदा त्यांनी मला घरी बोलावलं. समोर मुलीचा जुना लॅपटॉप, एक रिकामा डबा, एक छोटासा सर्किट बोर्ड, पितळी चकत्या आणि चपलांचे कापलेले तळ.

"पॅड घरीच करायचं. मिडी कंट्रोलर म्हनतात त्याला," ते म्हणाले. एवढं मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळलं होतं. "हा डबा सोता वाजत नाय रे. याला मारलं का हा लॅपटॉपकडं चुगली करतो. आवाज लॅपटॉप काढतो."

"चपला माझ्या होत्या," काकू आतून म्हणाल्या.

"रबर चांगला होता," तात्या म्हणाले.

प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं; मलाही नव्हतं. एका बोटाने ते व्हिडिओतलं एकेक अक्षर उतरवत. ओळीच्या शेवटी एक खूण राहिली की सगळं ठप्प. लाल अक्षरांतली इंग्रजी तक्रार मला फोनवर वाचून दाखवत. एकदा वैतागून म्हणाले, "एक ठिपका गैरहजर तर ह्याचं काम बंद. आपली अर्धी पार्टी गैरहजर असली तरी हळद होते."

हलकी टिचकीही नोंदली जावी म्हणून त्यांनी प्रोग्रॅममधला एक आकडा बदलत बदलत डबा इतका हळवा केला की अंगणात त्यावरून कोंबडी चालत गेली आणि घरात ढोल वाजला. तात्यांनी तिला हाकललं नाही. लक्ष देऊन ऐकलं. "हात बरा हाय तिचा," म्हणाले, "पन ठेका मधीच सोडते."

पहिली परीक्षा धसईच्या एका हळदीत झाली. मालकाने मुरबाडहून एक तरणा पॅडवाला बदली आणून ठेवला होता. तात्यांनी त्याला बघितलं आणि तारा जोडल्या. सुरुवात झकास झाली. मग त्यांनी सनईच्या पॅडला बोट लावलं आणि सनई लागली ती थांबेचना. नवरीचे मामा माइकवर पाहुण्यांची नावं घेत होते. थोड्या वेळाने तेही सनईच्याच सुरात नावं घेऊ लागले. बदली पॅडवाला उठून पुढे आला. तात्यांनी एक तार उपटली. सनई गप्प.

"वाजायला सांगितलं होतं," ते मला म्हणाले, "थांबायला सांगायचं राह्यलं."

मग उरलेल्या पॅडांवर दोन बोटांनी त्यांनी असा काही ठेका धरला की मामा माइक टाकून नाचायला उतरले. बदली पॅडवालाही काठ्या पिशवीत टाकून त्यांच्यामागे गेला.

त्यानंतर तात्या सगळ्या हळदींना वाजवत राहिले, दुसरा झटका येईपर्यंत. तो त्यांना घेऊनच गेला.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी लॅपटॉपसकट डबा माझ्या हवाली केला. मी तार जोडून हात ठेवला तर सगळे ढोल एकदम गडगडले.

"हलकं रे," काकू म्हणाल्या. "ते हलकंच मारायचे."

प्रोग्रॅममधला तो एक आकडा बदलला असता तर डबा माझ्या हाताला जमला असता. तेवढं मला आता येतं, तात्यांमुळेच. पण मी आकड्याला हात लावला नाही. पार्टीत आता पॅडवर मी असतो. हात हलका व्हायला मला अख्खा हंगाम लागला.