ट्रायल रूममध्ये शालन काय बघायची

शालन गेल्याचा फोन तिच्या मुलीचा, अश्विनीचा आला. सकाळचे आठ वाजले होते आणि मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "मावशी, आई गेली," एवढं ती नीट बोलली. उजाडता उजाडता छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मग तिनं विचारलं, "आईला काय नेसवायचं ओ? तुम्हालाच म्हाईत असणार." सात-आठ वर्षं शालनबरोबर मी कोल्हापुरातली कपड्यांची दुकानं पालथी घातली होती, आणि तरी तिला शेवटचं काय आवडलं असतं हे मला सांगता येईना. शिवाजी पेठेतून रिक्षा करून मी पोचले, तोवर तिच्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिला पांढरी साडी नेसवली होती, बुद्धविहारात जाताना ती नेसायची तीच. छान दिसत होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं. तरी गेला दीड महिना अश्विनीचा प्रश्न माझ्या मागं लागलाय. कुणी काय घालावं, कुठल्या वयात घालावं, हे ठरवतं कोण? शालनच्या संगतीत मी हा प्रश्न आठ वर्षं ऐकत होते. तो प्रश्न आहे, हे मात्र मला आत्ता कळतंय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, पाळ्या, असलं काम. शालन कोअर शॉपमध्ये होती. ओतकामात पोकळ भाग राहावा म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात, ते बनवायचं हे खातं, आणि आमच्याकडं तिथं बहुतेक बायकाच. माहेर गारगोटीजवळच्या एका खेड्यातलं, नवरा गॅरेजात कामाला. अंगानं आडवी, आवाज खणखणीत, आणि आमच्या भागातल्या कितीतरी बायकांसारखी बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणणारी. कोअर शॉपमधल्या सगळ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून काम करायच्या. एकदा एकीचा पदर मशीनमध्ये गेला. बाईला काही झालं नाही, पदर फाटला, पण कंपनीनं ठरवलं की आता बायकांनाही पँट-शर्टचा गणवेश.

माप आणि नावांची यादी करायचं काम माझ्याकडं आलं. कोअर शॉपमध्ये वही घेऊन गेले तर कुणी पुढं येईना. ज्यांची लेकरं लग्नाला आलेली त्या बायका खाली बघत होत्या. या वयात पँट घालून घरातनं निघायचं कसं, सून काय म्हणेल, बसमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर... शालन तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. ती वाळूचे हात झटकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ल्ह्या मॅडम माझं नाव. बघू तरी काय हुतंय." गणवेश आल्यावर पहिल्या दिवशी कामावर जायच्या आधी ती मुद्दाम माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. दोन्ही हात खिशात होते. मग म्हणाली, "एवढी वर्सं हात कुठं ठेवायचं त्येच कळत नव्हतं बगा." त्या दिवसापासून ती मला मॅडमऐवजी आक्का म्हणायला लागली. का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मला भाचीच्या बारशाला काहीतरी घ्यायचं होतं, आणि शालन सोबत आली. राजारामपुरीतलं एक तयार कपड्यांचं दुकान. मी बाळाची टोपडी बघत होते, तोवर ही तरुण मुलींच्या कपड्यांकडं सरकलेली. एक लांब, लाल, फुलाफुलांचा ड्रेस तिनं हँगरसकट काढला. तिथं रेश्मा नावाची पस्तिशीतली सेल्सवुमन होती, ती अदबीनं म्हणाली की काकू, तुमच्या वयाचं पलीकडच्या रॅकवर आहे. शालन पलीकडं गेली, मनापासून बघून आली. तिकडं सगळं मातकट, राखाडी आणि बदामी. तिनं रेश्माला विचारलं, ही कपडी आमच्या वयाची हायत असं कुणी ठरवलं? आवाजात राग अजिबात नव्हता. एखाद्याला बसचा रस्ता विचारावा तसं विचारलं. रेश्मा गोंधळली. मालक लावायला सांगतात तसं आम्ही लावतो, म्हणाली. शालननं मान हलवली, तो लाल ड्रेस घेतला आणि ट्रायल रूममध्ये जाऊन आतून कडी लावली. दहा मिनिटं झाली. बाहेर आली ती आपल्या साडीतच. ड्रेस नीट हँगरला लावून रेश्माच्या हातात दिला, म्हणाली, "नगो."

मग हे दर महिन्याचंच झालं. सुट्टीच्या दिवशी ती मला बोलवायची, कधी राजारामपुरी, कधी महाद्वार रोड, आणि मी बाहेर स्टुलावर दोघींच्या पर्सा सांभाळत बसायची. ती आत. कधी कॉलेजच्या मुलींचा टॉप, कधी बिनबाह्यांचा कुर्ता, कधी पायघोळ स्कर्ट. बाहेर येऊन ती कधीच दाखवायची नाही. विकतही क्वचितच घ्यायची. रेश्मा आधी वैतागायची, पुढं सवयीची झाली, आणि नंतर तर स्वतःच एखादा कपडा पुढं करू लागली. मी शालनला कैकदा विचारलं, आत करतेस तरी काय एवढा वेळ? ती म्हणायची, बघतो. बस, एवढंच. मला वाटायचं, हौस असेल. घरी आल्यावर मी माझं कपाट उघडून बसायची. माझ्या लग्नात मिरचीलाल साडी होती, नंतर डाळिंबी, जांभळी. चाळिशीच्या आसपास कधीतरी माझ्या कपाटातले रंग हळूहळू विटत गेले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, ह्यांनी नाही. दुकानात गेलं की माझा हातच आपोआप फिक्याकडं जायचा, आणि हे नेमकं कधी सुरू झालं ते मला काही केल्या आठवेना.

एकदा मात्र शालननं कपडा विकत घेतला. निळी जीन्स. वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालून ती बाजारात जायला लागली. अश्विनी दोन दिवस फुगून बसली, तिसऱ्या दिवशी तिनंच आईचा फोटो काढून मला पाठवला. नवऱ्यानं एवढंच विचारलं की बसून भाकऱ्या थापता येतात का त्यात. येतात, म्हणाली.

त्याच सुमाराला माझ्या थोरल्या मुलाचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी मी शालनला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "उद्या साडीच नेस हं. पाहुणे जरा जुन्या वळणाचे आहेत." ती म्हणाली, "व्हय आक्का." ती आली. राखाडी साडी, डोक्यावरून पदर. पोरींना हळदी-कुंकवाची ताटं काढून दिली, पंगतीत वाढलं, फोटोत मागच्या रांगेत उभी राहिली. माझ्या व्याहीणबाई स्वतः हिरव्यागार पंजाबी ड्रेसमध्ये आल्या होत्या. पाहुणे जुन्या वळणाचे नव्हतेच. मला हे आधीच माहीत होतं. मग मला भीती कशाची होती? तिच्या जीन्सची, की चारचौघांत ही माझी मैत्रीण म्हणून उठून दिसेल आणि कोण, कुठली, कुणाची अशी विचारणा होईल, याची? आमच्या भावकीत ती विचारणा कशासाठी होते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. आता विचारते आहे, आणि उत्तर काही चांगलं येत नाही.

पुढं पाच महिने शालननं मला दुकानात बोलावलं नाही. कामावर बोलायची, रजेचा अर्ज द्यायची, डब्यातली चटणी पाठवायची. सुट्टीचा फोन तेवढा बंद. शेवटी मीच तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि चल म्हणाले. तिनं चप्पल घातली.

त्या दिवशी तिनं पिवळ्या फुलांचा एक फ्रॉक घालून बघायला घेतला. गुडघ्यापर्यंतचा, सोळा-सतरा वर्षांच्या मुली घालतात तसला. मी नेहमीसारखी स्टुलावर. पाचेक मिनिटांनी आतून आवाज आला, "आक्का, आत या जरा." आठ वर्षांत पहिल्यांदाच. ती जागा केवढीशी, आणि आम्ही दोघी काही बारीक नव्हे. मी कशीबशी आत शिरले, तिनं कडी लावली. आरशात आम्ही दोघी. फ्रॉकची मागची चेन अर्ध्यावरच अडकलेली, खाली तिच्या भरल्या पोटऱ्या, हातांवर कोअर शॉपमधल्या भाजल्याच्या खुणा.

आरशाकडं बघतच ती बोलू लागली. ती दहावीची परीक्षा देऊन आली त्याच्या आठव्या दिवशी तिचं लग्न होतं. शाळेचा निळा स्कर्ट तिनं धुऊन वाळत घातला होता, तो वाळायच्या आधी घरात पाव्हणे आले. लग्नात त्यांच्या रीतीनं पांढरी साडी नेसवली, त्यात ती सुंदर दिसत होती असं सगळे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून सासरी साडी. एकविसाव्या वर्षी दोन लेकरं, अश्विनी तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी. "मधली कपडी ऱ्हायलीच की माझी," ती म्हणाली. "स्कर्टातनं एकदम बाईच्या कपड्यात गेलतो. घ्यायची न्हाईत मला ती. आता घेऊन काय करू? नुसतं बघतो... कशी दिसलो असतो."

मी म्हणाले, "शालन, साखरपुड्याच्या वेळी माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच." आणि पाठ माझ्याकडं करून म्हणाली, "चेन लावा बगू."

चेन काही लागली नाही. मी ओढतेय, ती श्वास आत घेतेय, आणि बाहेरून रेश्मा विचारतेय की काकू, दुसरं माप देऊ का. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसत होतो. त्यानंतर ती फक्त चार महिने होती. त्या चार महिन्यांत आम्ही तीनदा गेलो, आणि तिन्ही वेळा मी आत होते.

शालनच्या माघारी कपाट आवरायला अश्विनीनं मला बोलावलं. तिला वाटलं होतं आत नव्या कपड्यांचा ढीग निघेल. निघाल्या सात साड्या, दोन गणवेश, एक जीन्स, तीन कुर्ते. मग एवढी वर्षं आई दुकानातनं काय आणत होती, तिनं विचारलं. मी तिला फ्रॉकचं सांगितलं, शाळेच्या स्कर्टचं सांगितलं. अश्विनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आईची जीन्स मांडीवर घेऊन बसून राहिली. मग हळूच म्हणाली की मला बघायला पाहुणे आले तेव्हा मीच आईला म्हटलं होतं, वयाला शोभेल असं काहीतरी घाल... ते तिनं तुम्हाला सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. मी तिला माझं सांगितलं. दोघी मग बऱ्याच वेळानं उठलो आणि चहा केला.

गेल्या आठवड्यात राजारामपुरीतून जाताना त्या दुकानात शिरले. काही घ्यायचं नव्हतं. रेश्मानं माझ्या मागं दाराकडं बघितलं आणि विचारलं, त्या काकू नाही आल्या? मी सांगितलं. तिनं हातातली घडी पुरी केली. मग ती काउंटरखाली वाकली आणि तिनं एक पिशवी काढली. गेल्या महिन्याच्या मालात हा आला होता, म्हणाली, आकाशी टॉप, खांद्याला झालर. "त्या घ्यायच्या न्हाईत ते म्हाईत हाय मला. पण घालून बगतील म्हणून बाजूला ठिवलता." मालकांना न विचारता ठेवलेला दिसत होता, कारण बोलताना ती आवाज खाली आणत होती.

मी तो हातात घेतला. कापड मऊ होतं. पर्स काउंटरवर ठेवली, आत गेले आणि कडी लावली. माझ्या वयाची बाई असला टॉप घालून कशी दिसते हे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. दंडाला घट्ट होता, पोटावर चढत होता, झालर एका बाजूला उभी राहिली होती. पण तो रंग माझ्या गळ्याशी आल्यावर चेहऱ्याचं काहीतरी झालं होतं. काय, ते मला नीट कळेना, म्हणून मी आरशाच्या जवळ गेले.

बाहेरून रेश्मा म्हणाली, "बसतोय काय ओ काकू?"

"नाही बसत," मी म्हणाले. "थांब जरा."