फौजदार हवालदारावर ओरडत नाहीत

फौजदारांनी आयुष्यात कुणाला अटक केली नव्हती. दारावर विक्रेता आला, तरी 'नको' म्हणायला ते बायकोला पुढे करत. पण बऱ्याच वर्षांपूर्वी दोन पोलिसांच्या एका परभाषेतल्या विनोदी सिनेमात त्यांनी तापट फौजदाराला आपल्या भाषेतला आवाज दिला, सिनेमा तुफान चालला, आणि शेजारीपाजारी, वाणी, न्हावी सगळ्यांनी त्यांचं खरं नाव गुंडाळून ठेवलं. त्यातल्या वेंधळ्या हवालदाराचा आवाज त्यांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा होता. साहजिकच तो कायमचा हवालदार झाला.

डबिंगमध्ये प्रत्येक कलाकार काचेमागच्या खोलीत एकटाच उभा राहतो आणि पडद्यावरच्या ओठांशी आपले शब्द जुळवतो. या दोघांनी मात्र हट्टाने एकाच माईकसमोर उभं राहून काम केलं होतं. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा त्यात घुसायचा. मेहुणा वाक्यं खरोखरच विसरायचा, त्यामुळे फौजदारांचा पाराही खरोखरच चढायचा. लोक हसले ते त्याला.

आता त्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता. पण वर्षभरापूर्वी हवालदाराच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि बायकोने घरात फर्मान काढलं होतं, "अहो, त्याच्याशी हळू बोलायचं. आवाज चढवायचा नाही."

फौजदारांना फर्मानाची गरजच नव्हती. शस्त्रक्रियेच्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या बंद पांढऱ्या दारासमोर बसून त्यांचे हातपाय गार पडले होते. तेव्हापासून ते मेहुण्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत.

त्याचा परिणाम माईकवर ऐकू आला. होडीचा प्रसंग चालू होता. हवालदाराने चुकून दोघांना एकाच बेडीत अडकवलंय, किल्ली नदीत पडलीय आणि होडीत पाणी शिरतंय. फौजदार बोलले. काचेपलीकडून दिग्दर्शिकेने कपाळावर हात मारला.

"अहो फौजदार, होडी बुडतेय! आणि तुम्ही त्याला जेवण झालं का विचारल्यासारखं बोलताय!"

दुसऱ्या खेपेला मेहुण्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते अदबीने थांबले. तिसऱ्या खेपेलाही तेच.

"हे पोलीस आहेत की विहिणी?" दिग्दर्शिका म्हणाली. "तुम्ही आधी, छे छे, तुम्ही आधी!"

संध्याकाळी तिने फौजदारांना बाजूला घेतलं. "हा भाग पहिल्याइतका नाहीच. पाठलाग रबरासारखा ताणलाय, खलनायक मिळमिळीत. तारलं तर तुमचं भांडणच तारेल. उद्या जमलं नाही, तर निर्माते नवी जोडी आणणार."

"आजारपणानंतरचं त्याचं पहिलंच काम आहे हो."

"म्हणून तर आधी तुमच्या कानावर घालतेय."

फौजदारांनी मेहुण्याला यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माईकपाशी उभे राहिल्यावर त्यांनी नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

"घे. घसा कोरडा पडेल."

"बघा! पुन्हा पाणी!" मेहुण्याने बाटली त्यांच्याच हातात परत कोंबली. "भावोजी, डॉक्टरांनी मला जिने चढायला सांगितलंय. भांडू नका, असं काही म्हणाले नाहीत. परवा मी तुमच्या चष्म्यावर बसलो, तर म्हणालात, 'असू दे, जुनाच होता.' नवा होता तो! मला वाटलं, मी गेलोय आणि तुम्ही माझ्या फोटोशी बोलताय."

फौजदारांनी बाटली खाली ठेवली. पडद्यावर होडी हलू लागली होती.

"साहेब," मेहुणा हवालदाराच्या आवाजात म्हणाला, "किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

"माझ्याकडे? गाढवा, माझ्याकडे?" फौजदारांचा आवाज असा फुटला की काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन उचलला. मेहुण्याने मध्येच तोंड घातलं, यांनी त्याला उडवून लावलं, तो आणखी जोरात घुसला. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं, त्या पांढऱ्या दारासमोरची भीतीसुद्धा. होडी बुडाली तेव्हा मेहुणा माईकचा दांडा धरून वाकला होता, चेहरा लालभडक.

फौजदारांनी त्याचा खांदा धरला. "काय रे? काय होतंय?"

त्याला हसू आवरत नव्हतं. "घ्या अजून एकदा," तो काचेकडे बघत म्हणाला. "यांचं चष्म्याचं अजून राहिलंय."

सिनेमा लागला तेव्हा तिघं बघायला गेले, बायको मध्ये आणि हे दोघं दोन बाजूंना. मध्यंतरात मागून कुणीतरी म्हणालं, "पहिल्याची सर नाही बुवा." फौजदारांनी मान डोलावली. खरंच होतं ते. मग होडी आली आणि मरगळलेलं थिएटर खो खो हसायला लागलं. हसली नाही ती एकटी बायको.

"अहो, तुम्ही ओरडलात याच्यावर?"

"काम होतं ते."

"मला शिकवू नका. इतकी वर्षं संसार केलाय, खरं ओरडणं कळतं मला." मग ती भावाकडे वळली. "आणि तू रे मूर्खा? जिवाची काही काळजी? दातओठ खाऊन भांडत होतास ते!"

शस्त्रक्रियेपासून ताईने त्याला एकदाही मूर्ख म्हटलं नव्हतं. हवालदार खुर्चीत ऐसपैस रेलला.

"ताई, हळू. लोक सिनेमा बघतायत."

ताई काही हळू झाली नाही.