दहापर्यंत थांबणं

लेक अडीच वर्षांची झाली तरी तिच्याकडे शब्द दोनच होते, ‘मम’ आणि ‘भूर’. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सासूबाई म्हणायच्या, “अगं, तुझा नवरा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नाय. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?”

“आई, ते आता तरी कुठं बोलतात?”

त्या हसायच्या आणि सहाणेवर वेखंड उगाळायला घ्यायच्या. रोज सकाळी मधातून जिभेवर वेखंड. पोर तोंड वाकडं करायची, बस्स. शेजारणीची नात तिच्याहून लहान, पण फाटकातूनच विचारायची, “काकू, काय करताय?” खरं सांगते, त्या एवढ्याशा पोरीचा मला राग यायचा.

एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधायच्या तशाच टाकल्या, लेकीला स्कूटीवर पुढ्यात उभं केलं आणि पंचवटीतून गर्दी चुकवत दवाखाना गाठला. आधी कान तपासले. ऐकू नीट येत होतं. मग स्पीच थेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्यांनी खेळण्यांचा डबा पुढे ठेवला आणि मला म्हणाल्या, “तुम्ही नुसतं बसा.”

नुसतं बसायचं! लेकीनं डब्याकडे पाहिलं, मी झाकण उघडून दिलं. तिनं पिशवीकडे पाहिलं, मी पाण्याची बाटली काढली.

“घरात किती माणसं?” बाईंनी विचारलं.

“हिला सोडून सात.”

“म्हणजे सातही जण तिच्या वतीनं बोलता. हा उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, ताई. पण तिला बोलायला जागा तरी ठेवा. आत्ताच आणलंत, हे बरं केलंत.”

गृहपाठ एवढाच होता. वस्तू समोर धरायची, त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. मी चारावरच ढेपाळायचे. सासरे तर एकापर्यंतही पोचायचे नाहीत. “लेकराला काय तरसवता गं?” म्हणत हातात देऊन मोकळे. मग मी चिडायचे, भांडायचे, आणि पुढच्या खेपेला स्वतःच पाचावर हात पुढे करायचे. आठवड्यातून दोनदा दवाखाना, घरी रोज हाच तमाशा. दोन महिने गेले. शब्द तेवढेच.

एका दुपारी ओट्याशी मी चिकूची फोड धरली. “चिकू.” एक, दोन, तीन. ती बघत राहिली. सात. हात शिवशिवत होता. आठ. मागून सासूबाई पुढे सरकल्या, मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. नऊ.

“नको.”

स्पष्ट. माझ्याकडे बघून.

“अगं बाई!” सासूबाई मटकन खालीच बसल्या. “पण रोज तर खाते की!”

रोज आम्हीच भरवत होतो. मला हसू आवरेना आणि रडूही. माझ्या लेकीला चिकू आवडत नाही, हे सात माणसांच्या घरात तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.