माणातली तीन तित्तरं

सुभेदार नाक दाबून स्वयंपाकघरात आले. "बापू, काय मेलंय रं हितं?"

मेली होती माझी अक्कल. वास मात्र तीन तित्तरांचा होता. पंखांसकट, आतड्यांसकट, तीन दिवसांपूर्वी मीच ती खिडकीच्या गजाला उलटी टांगली होती.

त्याचं असं झालं. लढाईची पाच वर्षं मी शिमल्याकडं ऑफिसर्स मेसमध्ये कुक होतो. डिस्चार्ज मिळाल्यावर साताऱ्यात या पेन्शनर सुभेदारांच्या घरी लागलो, तो सगळी विलायती विद्या डोक्यात घेऊनच. मेसमध्ये शिकारीचे पक्षी आले की आम्ही ते 'हँग' करायचो. म्हणजे मारल्यावर न सोलता चार-पाच दिवस टांगून ठेवायचे. मांस मऊ पडतं. साहेबलोक त्यावर जीव टाकत. पण तिथं बादलीतलं पाणी गोठायचं आणि इथं साताऱ्यात चैत्र चालू होता. एवढं एक माझ्या ध्यानातून निसटलं.

तित्तरं चैनीसाठी मागवलेली नव्हती. सुभेदारांच्या मंडळींना मी काकी म्हणायचो. त्या टायफॉईडातून उठल्या होत्या. ताप गेला, पण अन्नावरची वासना परतेना. पेज पुढं केली की तोंड फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे. मग एका दुपारी काकी आपणहून बोलल्या, "आमच्या म्हायेरी माणात तित्तराचा रस्सा करत्यात. त्यो असता तर दोन घास गेलं असतं."

सुभेदारांनी मेव्हण्याला, म्हणजे काकींच्या थोरल्या भावाला, निरोप धाडला. मेव्हण्यानं दहिवडीच्या मोटारीनं माणूस पाठवला, डालग्यात तीन जिवंत तित्तरं देऊन. आणि मी त्यांची ही गत केली.

"आता हिला काय सांगू?" सुभेदार खाली बसले.

"सांगायचं कशाला? तलंग आणतो की."

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. कांदा-खोबरं चुलीत भाजून वाटलं. रस्सा पातळ ठेवला. तित्तर वाटावं म्हणून तुकडे अगदी बारीक केले.

काकींनी एक तुकडा बोटांत फिरवला. "बापू, ही कोंबडी हाय."

"काकी, साताऱ्याकडची तित्तरं अशीच असत्यात."

"व्हय का? आन् खुराड्यात झोपत्यात?"

मी हात जोडले आणि सगळं कबूल केलं. काकी महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या.

"टांगली व्हय रं? आरं, आमचा दादा फासं लावून धरायचा, आन् आई तवाच तुराट्यांच्या जाळावर भाजायची. पैली तंगडी माझी. दादा रडायचा, गड्या, मोठा असून!"

बोलता बोलता त्यांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली. सुभेदार आणि मी दारातून बघत होतो. चतकोर गेली. मग हात थांबला. "सा वरसं झाली आईच्या हातचं खाऊन."

मला कुंडलची माझी आई आठवली. शिमल्यात फेझंट रोस्ट करताना मला तिचा पाण्यासारखा रस्सा आठवायचा. ती गेल्याची तार मला मेसमध्येच मिळाली. त्या रात्री मी चाळीस साहेबांचं डिनर काढलं आणि स्वतः उपाशी झोपलो.

बाहेर येऊन मी म्हणालो, "सुभेदार, तित्तरं मागवण्यापरीस काकीस्नीच धाडा माणाला, त्यांच्या आईकडं."

"सा वरसांमागं मेव्हण्यानं त्याच्या लेकीच्या लग्नात माझा मान ठेवला न्हाई. पाय धुवाया ऊन पाण्याचा तांब्यासुदिक दिला न्हाई."

"न्हाई दिला. पर निरोप गेल्याबरुबर तित्तरं धाडली का न्हाई?"

सुभेदार मला लय बोलले. नोकरी गेली असंच मी धरून चाललो. पण काकींना बसवेल एवढी ताकद आल्यावर सुभेदारांनीच त्यांच्यासाठी मोटारीत पुढची सीट धरली, आणि स्वतःही शेजारी बसून गेले.

दोन महिन्यांनी काकी परतल्या, गाल भरून.

"किती तित्तरं खाल्ली, काकी?"

"एक बी न्हाई. गावलंच न्हाई."

"मग खाल्लं काय?"

"हुलग्याचं पातळ माडगं आन् बाजरीची भाकरी. रोज, आईच्या हातचं."

तेव्हापासून आजारी माणसानं काही खास मागितलं तर मी कृती विचारत नाही. ते कुणाच्या हातचं होतं, आणि ते माणूस अजून आहे का, एवढं विचारतो. असेल तर मोटार किती वाजता सुटते ते सांगतो. नसेल, तर कुकचा तसा काही उपयोग नसतो.