मराठीवर न चालणारा कंट्रोल-एस

भोपाळच्या आमच्या टाउनशिपच्या बाजारात एक कॉम्प्युटरवाले अंकल होते. माउस वापरणारा अडाणी, असं ठरवून त्यांनी सगळे माउस ड्रॉवरमध्ये कोंडले होते.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एके दुपारी मी त्यांच्या दुकानात गेले; शिष्यवृत्तीचा मराठी निबंध त्याच संध्याकाळी द्यायचा होता. टाइप करून मी कंट्रोल-एस दाबलं, पण काहीच झालं नाही.

"अंकल, सेव नहीं हो रहा."

"हटो बेटा." स्क्रीनकडे न बघताच त्यांनी ऐटीत तीच बटणं दाबली. "हो गया!"

"पर अंकल, कुछ हुआ तो नहीं..."

"मुझे सिखाओगी?" म्हणत त्यांनी जेवायला जाण्यासाठी मेन स्विच बंद केला.

मी अडून बसले, म्हणून त्यांनी मशीन पुन्हा लावलं. निबंध गेला होता. कीबोर्ड मराठीवर असताना तिथला एडिटर शॉर्टकट घेत नसे, आधी इंग्रजीवर यावं लागे. हे मला नंतर कळलं. दुकान त्यांचं होतं, त्यांना तरी माहीत हवं होतं.

ते जराही ओशाळले नाहीत. "इसीलिए कहता हूँ, अंग्रेज़ी में लिखा करो."

इतका आत्मविश्वास माझ्यात नाही, आणि असला मला नकोही. मी बाहेर पायरीवर बसले आणि निबंध हाताने, मराठीतच, पुन्हा लिहायला घेतला.