गाडी गेली की सुटी

गाडीला दोन तास उशीर झाला, तर उपाशी कोण राहतं? तुम्ही म्हणाल, फलाटावरचा उतारू. मीही तेच म्हणत होतो. अमरावतीची शाळा सोडून मी घरी आलो तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा चळवळीची पत्रकंच जास्त होती, आणि एका साप्ताहिकासाठी मी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लांबलचक पत्र लिहीत बसलो होतो.

आमचं शेत कारंज्याच्या बाजूला, रुळांना लागून. मुंबईकडची पॅसेंजर जंक्शनवर उशिरा यायची. तिच्या उतारूंसाठी तिथून सुटणारी आमची छोटी गाडी थांबायची, आणि शेतावरून बाराला जायची ती एकला, पावसाळ्यात दोनलाही जायची. निंदणाच्या, म्हणजे तण काढणाऱ्या बायांना बाबांनी एकच नियम घालून दिला होता : गाडी गेली की सुटी. बाबांच्या कोटात खिशातलं घड्याळ होतं. त्यात बारा वाजले की ते घरी जाऊन जेवून येत. बाया मात्र धूर दिसेपर्यंत वाकलेल्या. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं, हे आधी कबूल करतो.

त्या दिवशी गाडी आलीच नाही. बायांमध्ये एक नवी बाळंतीण होती. तिचं लेकरू गावात सासूपाशी असे, आणि सुटीत ती धावत जाऊन त्याला पाजून येई. दुपार कलली तशी तिची चोळी ओली झाली. तिनं पदर पुढे ओढला आणि मला विचारलं, "भाऊ, गाडी कवा येते? लेकरू रडून राह्यलं असंन."

शेजारच्या ओळीतली म्हातारी खुरपं न थांबवता म्हणाली, "तुमच्या गाडीले ताप आला काय भाऊ? जाऊन नाडी पाह्यजा जरा."

मी स्टेशनावर गेलो. बाबूनं सांगितलं की वरच्या बाजूला रुळांखालची माती वाहून गेली आहे, गाडी संध्याकाळपर्यंत येत नाही. परत येऊन मी बाबांना ते सांगितलं. ते जेवून आले होते, सुपारी कातरत होते. म्हणाले की येईल तेव्हा सुटी. एकदा नियम मोडला की रोज मोडतो.

मी त्यांच्या खिशातलं घड्याळ साखळीसकट ओढून काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "अडीच वाजले! उठा!"

कोणी उठलं नाही. हे मी विसरणार नाही. पत्रकांत लोक एका हाकेत उठतात. इथं बाया बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, कारण उद्याचं काम माझ्या नाही, त्यांच्या हातात होतं.

मग बाळंतीण उठली. खुरपं बांधावर ठेवलं आणि गावाकडे चालू लागली. बाबांनी तिला ऐकवलं की उद्यापासून येऊ नकोस. ती थांबली नाही.

म्हातारीनं कंबर सरळ केली. "मालक," ती म्हणाली, "मंग मले बी उद्याचं सांगू नका. गवत तुमचं हाये, तुमीच निंदा." आणि एकेक करत सगळ्या तिच्यामागे गेल्या.

दोन दिवस पाऊस लागून होता. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदायचं राहिलेलं गवत गुडघ्याला लागलं. बाबांनी दुसऱ्या गावी माणूस धाडला, तो एकटाच परत आला. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः म्हातारीच्या दारात गेले. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून शेतात बारा घड्याळातले वाजतात, आणि बाळंतीण बाराला घरी जाते. बाबा माझ्याशी मोजकंच बोलतात. बोलोत.

साप्ताहिकाच्या पत्राखाली मी हे सगळं जोडून लिहिलं. संपादकांनी रेल्वे कंपनीवरचा भाग छापला, शेतावरचा गाळला. म्हणून इथं लिहितो आहे.

रुळांकाठी अशी शेतं पुष्कळ आहेत. उद्या दुपारी अशा एखाद्या बांधावरून जाल, आणि बाया वाकलेल्या दिसतील, तेव्हा तुमचं घड्याळ बाहेर काढा. मालक जवळ उभा असला तर फारच बरं. किती वाजले ते मोठ्यानं सांगा, आणि पहिली बाई उठेपर्यंत तिथून हलू नका.